कोडचं बिऱ्हाड कुठे थाटायचं?

समजा, तुम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा. डीटीपीच्या दुकानात काम केलेल्या कुणालाही हे दुखणं सांगावं लागत नाही. वीस-पंचवीस वर्षांची पुस्तकं हार्ड डिस्कवर पडून असतात, पण ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यात ऱ्हस्व वेलांटीची गंमत वेगळीच. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. ‘स्थिती’सारख्या शब्दात ती नेमकी कशाला ओलांडून पुढे न्यायची, यावर तुम्ही तीन रविवार घालवलेत. आता ते जमलंय, आणि हे सगळ्यांना फुकट वापरता यावं, सुधारता यावं, असं तुम्हाला वाटतंय.

मित्र लगेच म्हणतो, ‘मग गिटहबवर टाक की!’

हे उत्तर चुकीचं नाही. दहातल्या आठ जणांना मीही हेच सांगेन. पण घर बघताना आपण नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारतो, घरमालक कसा आहे याची शेजाऱ्यांकडे चौकशी करतो, करार अकरा महिन्यांचाच का हेही विचारतो. तशी थोडी चौकशी इथेही करायला हवी. कारण या गावात घरमालक बदललेत, वाडे पडलेत आणि भाडेकरूंना काही महिन्यांच्या नोटिशीवर सामान उचलावं लागलंय. एकदा नाही, बऱ्याचदा.

पाठीवर काय मावतं, काय मावत नाही

आधी एक घोळ मिटवू. गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिट हे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं अवजार आहे. कुणी, कधी, कोणत्या ओळीत काय बदललं, हे सगळं त्यात राहतं. गिटहब ही ते कोड ठेवायला जागा देणारी, म्हणजे होस्टिंग करणारी कंपनी. गिट तुमच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवायही चालतं.

गिटचा जन्मही एका घरमालकाशी झालेल्या भांडणातूनच झाला. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या अवजारावर चालायचं. ते एका कंपनीच्या मालकीचं होतं, पण कर्नलच्या लोकांना फुकट वापरायला दिलेलं. २००५ च्या एप्रिलमध्ये, मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींपैकी एकाने बिटकीपर आतून कसं बोलतं याचा छडा लावायचा प्रयत्न केला, या कारणावरून कंपनीने ती फुकटची सवलत काढून घेतली. लिनक्सचा जनक लायनस टॉरव्हाल्ड्सने मग स्वतःच नवं अवजार लिहायला घेतलं आणि काही आठवड्यांत कर्नलचं काम त्यावर सुरूही झालं. तेच गिट.

त्यात त्याने एक गोष्ट मुळातच ठेवली: प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण प्रत. फक्त आजचं कोड नव्हे, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. उद्या सर्व्हर जळून खाक झाला तरी ज्याने ज्याने प्रकल्पाची प्रत उतरवून घेतलीय, त्या प्रत्येकाकडे अख्खा प्रकल्प शिल्लक असतो. त्यामुळे ‘होस्टिंग बंद पडलं तर माझं कोड जाईल का?’ ही जी पहिली भीती असते, ती गिट वापरणाऱ्याने फारशी बाळगायचं कारण नाही.

भीती बाळगायची ती बाकीच्या सामानाची. आजची होस्टिंग सेवा म्हणजे नुसती कोडची कोठी राहिलेली नाही. तिच्यात तक्रारवही असते, तिला सगळे ‘इश्यू’ म्हणतात. कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या कोडमध्ये दुरुस्ती करून ‘हा बदल घ्याल का?’ असं विचारतो, ती पुल रिक्वेस्ट असते, आणि तिच्याखाली वीस-वीस प्रतिक्रियांची चर्चा. नवं कोड आलं की आपोआप तपासून बघणारी यंत्रणा असते. तयार झालेला प्रोग्रॅम डाउनलोड करायची जागा असते, प्रकल्पाचं संकेतस्थळ असतं. शिवाय ‘हा प्रकल्प इथे सापडतो’ हा पत्ता, जो शेकडो लोकांनी आपापल्या लेखांत, पुस्तकांत, दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या आत लिहून ठेवलेला असतो.

यातलं काहीही विंचवाच्या पाठीवर नसतं. ते घरमालकाच्या डेटाबेसमध्ये असतं.

हा फरक किती मोठा आहे, याचा अंदाज पायथॉनच्या स्थलांतरावरून येतो. पायथॉन भाषेचं कोड गिटहबवर आलं २०१७ च्या फेब्रुवारीत. त्यांची तक्रारवही मात्र जुन्या जागीच होती, ती गिटहबवर आली २०२२ च्या एप्रिलमध्ये. मध्ये पाच वर्षं गेली, आणि पायथॉनकडे माणसांची काही कमतरता नाही. तुमच्या वेलांटीच्या प्रोग्रॅमवर कदाचित फक्त चाळीस तक्रारी असतील. पण ‘अमुक फाँटमध्ये क्ष तुटतो’ ही माहिती तुम्हाला त्या तक्रारींतूनच मिळालेली असते, ती कोडमध्ये कुठेच नसते.

सोर्सफोर्जची गोष्ट

गिटहबच्या आधी सोर्सफोर्ज होतं. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीए लिनक्स नावाच्या कंपनीने ते सुरू केलं. त्या काळात स्वतःचा सर्व्हर ठेवणं ही श्रीमंतांची हौस होती. आणि ही मंडळी कोडला जागा, ईमेल याद्या, तक्रारवही, डाउनलोड, सगळं फुकट देत होती. पुढची दहा वर्षं मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-सुधारता येणारं सॉफ्टवेअर म्हटलं की सोर्सफोर्जच. इकडे ज्यांनी सायबर कॅफेत बसून पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअर उतरवलंय, त्यांना त्याचं ते डाउनलोडचं पान अजून आठवत असेल.

पण फुकट सेवेचं बिल कुणीतरी भरत असतंच. इथे ते जाहिरातींतून भरलं जायचं. २०१२ मध्ये सोर्सफोर्ज विकलं गेलं आणि नव्या मालकांनी २०१३ मध्ये एक योजना आणली. डाउनलोडबरोबर एक खास इन्स्टॉलर द्यायचा, तो वापरकर्त्याला आणखी दोन-चार नको असलेले प्रोग्रॅम ‘घ्या’ म्हणून आग्रह करणार आणि त्याचे पैसे प्रकल्पाबरोबर वाटून घ्यायचे. गिंप हा चित्रं संपादित करायचा नावाजलेला मुक्त प्रकल्प याच सुमारास वैतागून बाहेर पडला. डाउनलोडच्या खऱ्या बटणाच्या आजूबाजूला जाहिरातींची खोटी बटणं असायची, हीही त्यांची तक्रार होती.

इथवर ठीक होतं. घर आवडलं नाही, सोडलं. खरी गंमत २०१५ च्या मे महिन्यात झाली. गिंपची विंडोजसाठीची प्रत जिथे ठेवली जायची, ते पान सोर्सफोर्जने ‘सोडून दिलेलं’ ठरवून स्वतःच्या ताब्यात घेतलं, मूळ माणसाला बाहेर ठेवलं आणि डाउनलोडबरोबर जाहिरातींचा इन्स्टॉलर लावला. पाटी गिंपची, आत बसलेला माणूस भलताच. लोकांनी रान उठवलं तेव्हा ते मागे घ्यावं लागलं. २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा मालक बदलले आणि नव्यांनी पहिलं काम केलं ते ही योजना गुंडाळण्याचं. पण तोवर बरेचसे भाडेकरू गेले होते.

मला या गोष्टीत चटका लावतो तो हा भाग: ज्या लोकांनी १९९९ मध्ये सोर्सफोर्ज निवडलं, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. त्या दिवशी ती सगळ्यात चांगली निवड होती.

बाकीच्या पडलेल्या वाड्यांची नावं भराभर सांगतो. गूगल कोड २००६ मध्ये आलं आणि १२ मार्च २०१५ ला त्यांनी जाहीर केलं की आता बंद करतोय. ऑगस्टमध्ये ते फक्त वाचण्यापुरतं उरलं आणि जानेवारी २०१६ मध्ये दिवे विझले. निदान त्यांनी निरोप सभ्यपणे घेतला, जुन्या प्रकल्पांचा संग्रहही ठेवला. गिटोरियस २०१५ मध्येच गिटलॅब या कंपनीने विकत घेऊन बंद केलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ च्या डिसेंबरमध्ये गेलं. बिटबकेट अजून आहे, पण त्यांनी मर्क्युरिअल या गिटच्या स्पर्धक अवजाराचा आधार काढून घेतला आणि १ जुलै २०२० नंतर तिथले मर्क्युरिअल प्रकल्प हटवले. गंमत अशी की बिटबकेटची सुरुवातच मर्क्युरिअलसाठी झाली होती.

आणि एक उदाहरण आपल्या अंगणातलं. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या कुणाही माणसाच्या डोळ्यांसमोरून लोहित फाँट गेलेला असतो. भारतीय भाषांचे हे मुक्त फाँट रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळले. त्यांचं घर होतं फेडोराहोस्टेड, म्हणजे फेडोरा या लिनक्सच्या चमूने चालवलेली होस्टिंग सेवा. तीही २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि तिथले प्रकल्प पगूर किंवा गिटहबसारख्या ठिकाणी हलवावे लागले. पुढे फेडोराने पगूरही सोडून फोर्जेओ नावाच्या नव्या व्यवस्थेवर जायचं २०२४ च्या अखेरीस ठरवलं. घरचाच माणूस घरमालक असला, तरी घर बदलणं टळत नाही.

मग गिटहबच का?

कारण माणसं तिथे आहेत. एवढंच, पण हे एवढंसं नाही. गिटहब २००८ मध्ये सुरू झालं आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांनी दहा कोटी खात्यांचा टप्पा ओलांडल्याचं सांगितलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एखादी चूक दिसली, तर नाशिकच्या कॉलेजमधल्या मुलीचं गिटहबवर खातं आधीच असतं. दुरुस्ती पाठवायला तिला दहा मिनिटं लागतात. दुसरीकडे कुठे नवं खातं उघडावं लागलं, तर त्या दहा मिनिटांच्या कामातली हौस नोंदणीच्या पानावरच संपते. लहान प्रकल्पाला दर वर्षी असे तीन-चारच मदतनीस मिळतात. त्यातला एक गमावणं म्हणजे पाव चमू गमावणं.

शिवाय उघड्या प्रकल्पांसाठी तपासणीची यंत्रणा फुकट आहे आणि साधं संकेतस्थळही फुकट मिळतं. एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे. मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रॅमला ती कधी जाणवणार नाही, पण शेकडो जुन्या पुस्तकांचे स्कॅन नमुने म्हणून कोडमध्येच कोंबायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

आता दुसरी बाजू. ज्या गिटहबवर जगभरचं मुक्त सॉफ्टवेअर राहतं, ते स्वतः मुक्त नाही. त्याचं कोड बंद आहे, आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. पुढे २०२१ मध्ये कोपायलट हे कोड सुचवणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं अवजार आलं. लोकांनी तिथे ठेवलेल्या कोडवर शिकवलेला हा मदतनीस बघून बरेच जण चिडले. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तर २०२२ मध्ये ‘गिटहब सोडा’ अशी मोहीमच काढली. माझं मत विचाराल तर ही तक्रार खरी आहे, पण घर बदलून ती सुटत नाही. उघडं कोड कुठेही ठेवलं तरी कुणीही वाचू शकतं, यंत्रसुद्धा.

मला जास्त काळजी वाटते ती एका बटणावर सगळं थांबण्याची. २०१९ च्या जुलैत अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर बंधनं आली. इराणसाठीचा रीतसर परवाना मिळायला २०२१ चा जानेवारी उजाडला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून यूट्यूब-डीएल हा, व्हिडिओ डाउनलोड करून देणारा प्रकल्प उतरवला गेला. तो तीन आठवड्यांनी परत आला, तेही वकील उभे राहिले म्हणून.

आणि हे फक्त परदेशात घडतं असं समजू नका. २०१४ च्या डिसेंबरमध्ये दहशतवादविरोधी पथकाच्या सूचनेवरून भारत सरकारने ३२ संकेतस्थळं बंद करायला लावली. त्या यादीत गिटहब होतं, सोर्सफोर्जही होतं. थोड्याच दिवसांत ती उघडली. पण त्या आठवड्यात कुणाच्या ऑफिसात काय चाललं असेल, ते ज्याला सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर पोचवायचं असतं त्यालाच ठाऊक. त्याच सरकारने पुढे सरकारी कोडसाठी ओपनफोर्ज नावाची स्वतःची जागा उभारली. तरी २०२० च्या मे महिन्यात आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अ‍ॅपचं कोड खुलं करायची वेळ आली, तेव्हा ते ठेवलं गेलं गिटहबवरच. माणसं तिथे आहेत, हे दिल्लीलाही कळतं.

बाकीची घरं

गिटलॅब हे नाव ऐकलं की आधी विचारायचं: कोणतं? एक आहे गिटलॅब डॉट कॉम, ही गिटहबसारखीच कंपनीची सेवा. दुसरं आहे गिटलॅब नावाचं सॉफ्टवेअर, त्याची मूळ आवृत्ती मुक्त आहे आणि कुणीही स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतं. लिनक्सच्या जगातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी डेबियनने २०१८ मध्ये तेच बसवलं, ग्नोमनेही त्याच वर्षी, केडीईने २०२० मध्ये. मोठ्या संस्थांना हे मानवतं, कारण मालक बदलला तरी सॉफ्टवेअर हातात राहतं.

गिटलॅब डॉट कॉमबद्दल एक किस्सा सांगायलाच हवा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने डेटाबेसची बिघडलेली नक्कल पुसायला घेतली आणि चुकून मूळ डेटाबेसच पुसला. तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग बॅकअप शोधायला गेले. पाच वेगवेगळ्या पद्धतींनी बॅकअप घेतले जात होते, आणि त्यातला एकही धड चालत नव्हता. नशिबाने सहा तासांपूर्वी त्याच माणसाने दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर गाडी परत रुळावर आली. सहा तासांतल्या तक्रारी, प्रतिक्रिया, नवी खाती गेली. आणि कोड? कोडला काही झालं नाही. पुन्हा तोच विंचू, तेच बिऱ्हाड.

मला मात्र त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो पुढच्या वागण्यामुळे. काहीही न झाकता त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि सगळ्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या. घरमालकाची खरी पारख गळती लागल्यावर होते, म्हणून कोणतीही सेवा निवडण्याआधी तिच्या जुन्या बिघाडांचे तिनेच लिहिलेले अहवाल शोधून वाचा. असे अहवालच सापडत नसतील तर तीही माहितीच आहे.

कोडबर्ग ही मला अलीकडे सगळ्यात आवडलेली जागा. बर्लिनमधली नोंदणीकृत ना-नफा संस्था ती चालवते, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयासारखं समजा. तिथे फक्त मुक्त परवान्याचे प्रकल्प घेतात. ज्या सॉफ्टवेअरवर ती चालते ते फोर्जेओही मुक्त आहे. झिग ही प्रोग्रॅमिंगची भाषा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गिटहब सोडून तिथे गेली. पण वाचनालयाचा पंखा कधी बंद असतो, तसं कधीतरी इथे संथ चालतं, आणि तपासणीची यंत्रणा गिटहबइतकी सढळ नाही. ते सहन होत असेल तर जरूर जा.

सोर्सहट ही ईमेलवर चालणाऱ्या जुन्या पठडीतल्या लोकांची जागा. तिथे दुरुस्त्या ईमेलने पाठवतात, लिनक्स कर्नलमध्ये आजही असतं तसं. ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काही आवडत नाही. तुमच्या डीटीपीवाल्यांसाठी हे नाही.

आणि स्वतःचा सर्व्हर? हौस दांडगी असेल तर करून बघा, पण आधी पीएचपीचं काय झालं ते ऐका. जगातली कितीतरी संकेतस्थळं ज्या भाषेवर चालतात, तिचं कोड त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर असायचं. २८ मार्च २०२१ ला तिथे कुणीतरी चोरवाट ठेवणारे दोन बदल घुसवले, तेही भाषेच्या जनकाच्या आणि एका मुख्य कार्यकर्त्याच्या नावावर. बदल वाचणाऱ्यांनी ते काही तासांतच पकडले. पण त्यांनी लगेच ठरवलं की सर्व्हर राखणं हे आता आपलं काम नाही, आणि ते गिटहबवर गेले. फ्रीडेस्कटॉप या संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या गिटलॅबचा खर्च वर्षाला पाऊण लाख डॉलरच्या घरात चालला होता. त्यात कोड ठेवण्यापेक्षा ते तपासायच्या यंत्रणेचाच वाटा मोठा. अलीकडे त्यात भर पडलीय ती कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांची. ती इतक्या वेळा येऊन प्रत्येक पान उघडतात की २०२५ मध्ये ग्नोमला आपल्या गिटलॅबच्या दारावर राखणदार प्रोग्रॅम बसवावा लागला. एकट्या माणसाने रविवारच्या वेळात हे सांभाळू नये.

सामान लावण्याआधी

तर तुमचा फाँट बदलणारा प्रोग्रॅम गिटहबवर ठेवा, असंच मी म्हणेन. पण ज्या दिवशी ठेवाल, त्याच दिवशी बाहेर पडायची तयारी करून ठेवा.

पहिली गोष्ट पत्त्याची. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास एक डोमेन नाव मिळतं. ते घ्या आणि माहितीपुस्तिकेत, प्रोग्रॅमच्या आत, सगळीकडे तोच पत्ता छापा. आज तो गिटहबकडे वळवा, उद्या दुसरीकडे. छापखान्यातल्या माणसाने भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर गिटहबचा लांबलचक पत्ता असेल, तर तो तुम्हाला बदलता येणार नाही.

दुसरी मालकीची. प्रकल्प स्वतःच्या खात्यात न ठेवता संस्थेच्या नावाचं वेगळं खातं काढा आणि त्यात दोन मालक ठेवा. गिटहबने २०२३ पासून कोड देणाऱ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केलीय. चांगलंच केलं, पण फोन लोकलमध्ये हरवला आणि परत मिळवायचे कोड कुठे लिहून ठेवलेले नसले, तर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहावं लागतं. ते कोड कागदावर छापून रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. आपल्यामागे प्रकल्प कुणी बघायचा, त्याचं नावही गिटहबवर नोंदवता येतं. कुणी नोंदवत नाही, मृत्युपत्राचं असतं तसंच.

कोडची दुसरी प्रत ठेवणं तर अगदी सोपं. गिटला दोन पत्ते देता येतात, म्हणजे एकदा कोड पाठवलं, पुश केलं, की ते गिटहबवरही जातं आणि कोडबर्गवरही. याशिवाय पॅरिसचा सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह २०१६ पासून जगातलं उघडं कोड जपून ठेवतोय. त्यांच्या संकेतस्थळावर आपला पत्ता दिला की ते एक प्रत घेतात, पैसे लागत नाहीत. बिटबकेटने मर्क्युरिअलचे प्रकल्प हटवले तेव्हा त्यातले दोन लाखांहून जास्त याच लोकांनी वेळेत उतरवून घेतले होते.

तक्रारवहीची प्रत मात्र आपोआप निघत नाही. ती उतरवून घ्यायची सोय बहुतेक सेवांकडे असते, छोट्याशा स्क्रिप्टने दर महिन्याला फाइल काढून ठेवता येते. आणि तपासणीच्या यंत्रणेत फार गुंतू नका. ट्रॅव्हिस नावाच्या सेवेवर एके काळी अर्धं मुक्त जग कोड तपासायचं. २०२० च्या अखेरीस त्यांनी फुकट वापराला कात्री लावली, पुढच्या वर्षी मुक्त प्रकल्पांसाठीचं जुनं संकेतस्थळ बंद केलं, आणि ज्यांनी सगळी तपासणी त्यांच्याच खास भाषेत लिहिली होती त्यांना ती पुन्हा लिहीत बसावं लागलं. तपासणीच्या पायऱ्या स्वतःच्या साध्या स्क्रिप्टमध्ये ठेवा, गिटहबला फक्त ‘ही स्क्रिप्ट चालव’ एवढंच सांगा.

परवान्याची फाइल पहिल्याच दिवशी टाका. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतं, पण कायद्याने ते वापरायचा हक्क कुणाला मिळत नाही. कोडबर्गवर परवान्याची अटच आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रकल्पाच्या सव्हाना या जागेत तर प्रत्येक प्रकल्पाचा परवाना माणूस स्वतः वाचून तपासतो आणि मगच आत घेतो.

एवढं झालं की राहिली फक्त तुमची खरी गिऱ्हाइकं. पुस्तकं लावणारे, मुद्रितशोधक, शाळेचं वार्षिक काढणारे गुरुजी. त्यांचं गिटहबवर खातं नाही आणि ते काढणारही नाहीत. इंग्रजीतलं ‘न्यू इश्यू’ हे बटण त्यांच्यासाठी नाहीच. त्यांच्यासाठी डोमेनवरच्या मराठी पानावर एक ईमेल पत्ता द्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येणारच आहेत हे धरून चाला. आलेली प्रत्येक तक्रार तुम्हीच तक्रारवहीत नोंदवायची, म्हणजे ती फोनमध्ये विरून जात नाही.

शनिवार पेठेतल्या छापखान्यातल्या एका काकांकडून तुम्हाला पहिली तक्रार येईल, तीही रात्री साडेदहाला, पडद्याचा तिरका फोटो काढून. पुस्तक पाककृतींचं आहे. मूळ पानावर ‘आचाऱ्यांना सूचना’ असं लिहिलंय, आणि तुमच्या प्रोग्रॅमने सगळीकडे ‘आचार्यांना सूचना’ करून ठेवलंय. खाली काकांनी लिहिलंय, ‘अहो, इथे गुरुजी कांदा कसा चिरायचा ते शिकतायत. बघता का जरा?’ तो फोटो इश्यू क्रमांक एकला जोडा.